सकाळी रेडिओ, संध्याकाळी स्टेज: विनोदी कलाकारानं दुहेरी दिवस कसा निभवायचा

पुण्यात सकाळी सात ते अकरा रेडिओवरचा कार्यक्रम आणि संध्याकाळी कुठे सोसायटीचा गणपती, कुठे कंपनीचं स्नेहसंमेलन, कधी तिकीट लावून केलेला दीड तासाचा एकपात्री प्रयोग, असा माझा दिवस गेली नऊ वर्षं चालला आहे. दर महिन्याला एखादी नवी मुलगी किंवा मुलगा भेटायला येतो. ओपन माइकवर, म्हणजे नवोदितांच्या खुल्या मंचावर, पाच मिनिटं जमायला लागलेली असतात, एखाद्या रेडिओ केंद्रावरून बोलावणं आलेलं असतं, आणि विचारतात, "ताई, दोन्ही एकदम झेपतं का?"

झेपतं. पण पहिल्या दोन वर्षांत माझा आवाज दोनदा पूर्ण बसला. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी आठ दिवस बोलणंच बंद केलं. त्या आठ दिवसांत रेडिओचे पैसे बुडाले आणि ठरलेले तीन कार्यक्रमही हातचे गेले. घड्याळाकडे बघितलं तर दोन्ही कामं आरामात बसतात, मधे पाच-सहा तास उरतातसुद्धा. गळ्यात मात्र दिवसाकाठी ठरावीकच आवाज असतो आणि सकाळी उधळला तर तो रात्री उसना मिळत नाही. खालची प्रत्येक पायरी मी याच हिशेबानं लावली आहे.

१. कोणत्या रेडिओचं दार ठोठावायचं ते ठरवा

आपल्याकडे तीन दारं आहेत. पहिलं आकाशवाणीचं. तिथे नैमित्तिक उद्घोषकांसाठी जाहिरात निघते, परीक्षा आणि स्वरचाचणी होते. निवड झाली तरी महिन्याला मोजक्याच ड्यूट्या मिळतात, त्यामुळे संध्याकाळच्या कार्यक्रमांना भरपूर मोकळीक राहते. उच्चारांवर तिथे जे संस्कार होतात ते पुढे स्टेजवर फार उपयोगी पडतात. "पाणी"तला ण आणि "चहा"तला च शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचायला हवा, हे मला तिथल्या एका ज्येष्ठ निवेदिकेनं शिकवलं.

दुसरं दार खासगी एफएमचं. रोजचं काम, महिन्याचा ठरलेला पैसा, पण वेळ सगळी त्यांची. तिसरं दार सामुदायिक रेडिओचं. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आहे, साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग ९०.४ वर आहे. इथे पैसा फारसा नाही, मात्र हातात माइक मिळतो आणि चुकायला मोकळीक असते. अजून कधीच रेडिओवर बोलला नसाल तर सहा महिने इथे काढा. पहिल्याच महिन्यात खासगी केंद्राचा सकाळचा कार्यक्रम आणि शनिवार-रविवारचे कार्यक्रम असं दोन्ही अंगावर घेऊ नका.

२. करार वाचल्याशिवाय सही करू नका

रेडिओच्या करारात चार गोष्टी शोधा: बाहेरचे कार्यक्रम करायला परवानगी लागते का, त्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत केंद्राचं नाव वापरता येतं का, सुट्ट्या किती, आणि तुम्ही तयार केलेलं पात्र कोणाच्या मालकीचं.

चौथी गोष्ट सगळे विसरतात. मीही विसरले होते. सकाळच्या कार्यक्रमात मी एक मोलकरीण मावशी उभी केली होती. नाव मी ठेवलेलं, बोली माझ्या आजोळची, वाक्यं मी लिहिलेली. ते केंद्र सोडल्यावर कळलं की करारानुसार ते नाव आणि पात्र केंद्राचं होतं. दोन वर्षं लोक स्टेजखालून तिची फर्माईश करायचे आणि मला नाही म्हणावं लागायचं. पात्र आधीपासून स्टेजवर करत असाल तर तसं करारात लिहून घ्या. रेडिओवर नव्यानं घडवत असाल तर निदान स्टेजवरच्या वापराची परवानगी मागून घ्या. सही करण्याआधी मागितलं तर बहुतेक वेळा मिळतं.

३. कागद आणि सामान एकाच पिशवीत ठेवा

कागदांची एक फाइल फोनवर आणि एक छापील प्रत घरात:

- पॅन, आधार, बँकेचा रद्द केलेला चेक
- दोन ओळींचा आणि दहा ओळींचा परिचय, दोन चांगले फोटो
- तीन मिनिटांचा आवाजाचा नमुना आणि दहा मिनिटांचं न कापलेलं स्टेज रेकॉर्डिंग (कापून जोडलेलं आयोजक ओळखतात)
- मानधनाचं पत्र: तारीख, स्टेजवर चढण्याची वेळ, कालावधी, आगाऊ रक्कम, रद्द झाल्यास काय
- एका पानाची तांत्रिक मागणी: कोणता माइक, स्पीकर कुठे, दिवे कसे
- तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं संहितेसाठीचं प्रमाणपत्र. यासाठी संहिता बरीच आधी पाठवा, प्रयोगाच्या आठवड्यात धावपळ करून ते होत नाही.

सामानात थर्मास, माइकवर चढवायचा स्वतःचा स्पंज, जाड तळव्याची चप्पल, इस्त्रीचा जादा कुर्ता, चार्जर आणि वह्या. स्वतःचा स्पंज अगदी नक्की. दुपारपासून दहा जणांनी ज्या माइकमध्ये तोंड घातलं त्यात तुम्हाला दीड तास बोलायचं आहे.

४. पहाट: आवाजाला घाईनं उठवू नका

सातचा कार्यक्रम म्हणजे माझा गजर साडेचारचा. उठल्यावर पहिला अर्धा तास बोलायचं नाही. कोमट पाणी, मग ओठ मिटून हलकं गुणगुणणं, मग ओठांची फुरफुर, मग मोठ्यानं वर्तमानपत्र वाचन. वर्तमानपत्र वाचताना आवाजही मोकळा होतो आणि दिवसाचा विषयही सापडतो.

दोन सवयी आजच सोडा. एक, घसा खाकरणं. खाकरलं की स्वरतंतू एकमेकांवर आपटतात आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी घोटभर पाणी प्या किंवा नुसता आवंढा गिळा. दुसरी, आवाज बसला की कुजबुजणं. कुजबुजण्यानं गळ्याला विश्रांती मिळते असा समज आहे, पण त्यानं ताण वाढू शकतो. बोलायचं तर हलक्या पण खऱ्या आवाजात, नाहीतर चिठ्ठी लिहा.

५. स्टुडिओतले चार तास

बाहेरून वाटतं की चार तास बोलायचं असतं. प्रत्यक्षात गाणी, जाहिराती आणि जिंगल वजा जाता तुमच्या वाट्याला तासाला पाच-सहा लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं, येतात, एकेक मिनिट-दीड मिनिटाची. विनोदी कलाकाराला हे सुरुवातीला जाचतं, कारण स्टेजवर आपल्याला हळूहळू गोष्ट तापवायची सवय असते. रेडिओवर तेवढा वेळ नाही. पहिल्या वाक्यात विषय, शेवटच्या वाक्यात फटका, आणि लगेच गाणं.

माइकपासून एक वीत अंतर ठेवा आणि तोंड सरळ समोर न धरता किंचित तिरकं धरा. फ आणि भ सारखी अक्षरं सरळ माइकवर फुटली की कानात धप्पकन वाजतात. हेडफोनचा आवाज कमी ठेवा. हेडफोन मोठा असला की स्वतःचा आवाज दमदार वाटतो आणि आपण त्याच्या नादानं आणखी ओढत जातो. पहिल्या वर्षी अकरा वाजता माझा घसा दुखायचा त्याचं निम्मं कारण हेच होतं. प्रोड्यूसरनं एक दिवस गुपचूप हेडफोनचा आवाज उतरवला आणि त्या दिवशी मी न थकता बाहेर आले.

आता सर्वात अवघड भाग. स्टुडिओत हसू नसतं. काचेपलीकडे प्रोड्यूसर पुढचं गाणं लावण्यात गुंतलेला असतो आणि तुमचा विनोद नेमका कुठे पोचला ते तुम्हाला दिसत नाही. नवे कलाकार मग जोर लावतात, ओरडतात, स्वतःच हसून दाखवतात. तसं करू नका. रेडिओ ऐकणारं माणूस एकटं असतं. पोळ्या लाटणारी बाई, कर्वे रोडवर सिग्नलला थांबलेला रिक्षावाला, दुकानाचं शटर वर करणारा माणूस. यांतल्या एकाशीच बोला. मी माइकसमोर माझ्या मावशीचा फोटो ठेवायचे. तिला सांगते तसं बोललं की आवाज आपोआप खाली येतो आणि संध्याकाळसाठी शिल्लक राहतो.

इथले सापळे:

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत आणि आकाशवाणीची कार्यक्रम संहिता त्यांनाही लागू असते. रात्री स्टेजवर एखाद्या पुढाऱ्यावरचा विनोद टाळ्या घेऊन गेलेला असतो आणि सकाळी पेंगत असताना तोच तोंडातून निघतो. माझ्या एका सहकाऱ्याचं ऐन निवडणुकीच्या दिवसांत असं झालं आणि त्याला पंधरा दिवस कार्यक्रमाबाहेर बसावं लागलं. माइकखाली एक चिठ्ठी चिकटवा: आज काय बोलायचं नाही.

फोनवरची थट्टा करत असाल तर प्रसारणाआधी त्या माणसाची संमती रेकॉर्ड करून घ्या. तो हसला म्हणजे त्यानं हो म्हटलं असं नसतं.

६. दोन वह्या ठेवा

ही पायरी मला कुणी आधी सांगितली असती तर माझी दोन वर्षं वाचली असती.

रेडिओ मजकूर खाऊन टाकतो. आज सकाळी बोललेला विनोद उद्या शिळा. स्टेजचं उलट आहे. तिथला दहा मिनिटांचा तुकडा चाळीस-पन्नास वेळा करून, घासून, शब्द इकडचे तिकडे करून तयार होतो. नवा माणूस रेडिओवर अडला की स्टेजवरचा हुकमी तुकडा काढतो. सकाळी वाहवा होते आणि शनिवारी तिकीट काढून आलेले लोक म्हणतात, "हे तर बुधवारी ऐकलं."

म्हणून लाल वही रेडिओची आणि निळी वही स्टेजची. निळ्या वहीतलं लाल वहीत कधीच जाणार नाही. लाल वहीतलं निळ्या वहीत जाऊ शकतं, किंबहुना जायलाच हवं. रेडिओचा खरा फायदा तोच आहे. रोज सकाळी शेकडो माणसं फोन करून, मेसेज करून तुम्हाला आपलं घर उघडून दाखवतात. इतका कच्चा माल दुसऱ्या कुठल्याही कलाकाराच्या दारात येऊन पडत नाही.

एक उदाहरण पूर्ण सांगते. एका सकाळी विषय होता, घरातली टाकवत नाही अशी वस्तू. कोथरूडहून एका काकूंचा फोन आला. पाडव्याच्या दिवशी त्यांच्या नव्या सुनेनं फ्रिजवरचा श्रीखंडाचा डबा उघडला, तर आत बटणं, हुक आणि सेफ्टी पिना. काकू म्हणाल्या, "अगं, तो बटणांचा श्रीखंडाचा डबा. दुसरा श्रीखंडाचा डबा फ्रिजमध्ये आहे, त्यात इडलीचं पीठ आहे." सुनेनं विचारलं, "मग श्रीखंड?" "ते पातेल्यात."

रेडिओवर मी एकही शब्द घातला नाही. काकूंच्या आवाजात ते पूर्ण होतं. मला फक्त सुरुवातीला डब्याचं वर्णन करावं लागलं: प्लॅस्टिकचा, अर्धा किलोचा, घट्ट झाकणाचा. ऐकणाऱ्याला डबा दिसत नाही, तो शब्दांनीच दाखवावा लागतो. फोन ठेवण्याआधी, ऑफ एअर, मी काकूंना विचारलं की हे स्टेजवर नाव न घेता सांगू का. त्या खुशीत हो म्हणाल्या.

पहिल्यांदा स्टेजवर केलं तेव्हा मी डब्याचं तेच वर्णन केलं आणि लोक नुसते बघत राहिले. दुसऱ्या खेपेला वर्णन काढलं आणि रिकाम्या हातांनी ते झाकण उघडायची खटपट केली: आधी बोटांनी, मग नखांनी, मग डबा पोटाशी धरून, शेवटी चमच्याच्या दांड्यानं. तोंडातून एक शब्द निघण्याआधी सभागृह हसत होतं, कारण प्रत्येकानं तो डबा उघडलेला होता. शेवटही बदलला. रेडिओवर काकूंनी "मग श्रीखंड? ते पातेल्यात" एका दमात सांगितलं होतं. रेडिओवर दोन सेकंद गप्प बसलं तर लोकांना वाटतं केंद्र बंद पडलं. स्टेजवर मी "मग श्रीखंड?" नंतर थांबले, फ्रिजकडे बघितलं, गॅसकडे बघितलं, आणि मग "ते पातेल्यात". हा थांबा नक्की केवढा हवा ते ठरायला चौदा कार्यक्रम लागले.

दुपारी एकदा लाल वही उघडून सकाळच्या फोनांमधला एक तरी प्रसंग निळ्या वहीत उतरवा. एकच, पण रोज.

७. दुपार मोकळी ठेवा

अकराला सुटल्यावर जाहिरातींची रेकॉर्डिंग, मीटिंग, कुणाची मुलाखत अशी कामं पुढे सरकवली जातात. रेकॉर्डिंग आठवड्यातून दोन दिवसांत गोळा करा आणि कार्यक्रम असेल त्या दिवशी एकही घेऊ नका. एक ते तीन झोप. झोप आली नाही तरी अंधारात गप्प पडून राहा. आयोजकांचे फोन चारनंतर, आणि शक्य तिथे मेसेज. पूर्वी मी दुपारी तासभर फोनवर कार्यक्रम ठरवत बसायचे. रात्री आवाज कमी पडला की आश्चर्य करायचे.

जेवण कार्यक्रमाच्या अडीच-तीन तास आधी, हलकं. आयोजक प्रेमानं स्टेजमागे वडे-भजी आणून ठेवतात. डब्यात भरून घ्या, नंतर खा.

८. कोणता कार्यक्रम घ्यायचा आणि कोणता सोडायचा

सकाळी रेडिओ असणाऱ्यांसाठी संक्रांत ते रथसप्तमीची हळदीकुंकवं फार चांगली. चार ते सहा वेळ, समोर मनापासून हसणाऱ्या बाया, आठच्या आत घरी. मुलग्यांनाही आता मंडळांकडून बोलावणी येतात. नाट्यगृहातला प्रयोग लावताना पुण्यात दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ या रूढ वेळा आहेत. साडेपाचची मागा. साडेनऊचा प्रयोग म्हणजे घरी साडेबारा, आणि साडेचारचा गजर काही पुढे जात नाही.

दिवाळी पहाट सरळ तुमच्या रेडिओच्या वेळेवर येते. घ्यायचीच असेल तर महिनाभर आधी केंद्राशी बोलून त्या दिवसाचा कार्यक्रम रेकॉर्ड करून द्या. गणेशोत्सवात दहाही संध्याकाळी बोलावणी असतात आणि नव्या माणसाला वाटतं, दहाही घ्यावीत. मी एक दिवसाआड घेते, म्हणजे पाच. रोज घेतले तर सहाव्या दिवसापासून आवाजाला ओल राहत नाही आणि मंडळांच्या कर्ण्यांवरून बोलायचं म्हणजे रोजच्या दुप्पट जोर.

एका संध्याकाळी दोन कार्यक्रम घ्यायचे का? रेडिओ असलेल्या दिवशी नाही. रविवारी चालेल, पण पहिला संपण्याची आणि दुसरा सुरू होण्याची वेळ यांत निदान तीन तास हवेत, कारण पहिला कधीच वेळेवर संपत नाही.

मुंबईचा प्रयोग शनिवारी, तोही रविवारी रेडिओ नसेल तर. अकराला सुटून दुपारच्या बसनं जाता येतं, पण शनिवारी सकाळपासून घाटात कोंडी असते, म्हणून मी चार तासांऐवजी सहा धरते. रविवारी गेलात तर लोकलचा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आधी बघा. पुण्यात बालगंधर्व किंवा डेक्कन भागात कार्यक्रम असेल तर वनाज-रामवाडी मेट्रोनं जा. गणपतीत संध्याकाळी मध्यवस्तीतले रस्ते बंद होतात तेव्हा तर दुसरा पर्यायच नाही.

मुलींसाठी वेगळं सांगते. रात्री परत सोडायची गाडी ही आयोजकांची जबाबदारी असते आणि ती मानधनाच्या पत्रात लिहायची. कपडे बदलायला कडी लागणारी खोली मागायची, सोसायटीत असाल तर एखाद्या काकूंचं घर. यात संकोच वाटून घेण्यासारखं काही नाही. मी पहिल्या फोनवरच विचारते.

९. साउंड चेक स्वतः करा

कार्यक्रमाच्या एक तास आधी पोचा. सर्वात आधी साउंडवाल्या दादांना भेटा, आयोजकांना नंतर. तुमच्या संध्याकाळची दोरी त्यांच्या हातात असते.

हातातला वायरचा माइक मागा. मोकळ्या मैदानात कॉलर माइक लावून उभं राहू नका. एका नव्या वसाहतीत मला तोच दिला गेला होता. आवाज वाढवला की शिट्टी, कमी केला की तिसऱ्या रांगेला ऐकू येईना. पाऊण तास मी अक्षरशः ओरडून कार्यक्रम केला आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवर माझ्या जागी दुसऱ्या कुणी बोललं. तेव्हापासून तांत्रिक मागणीच्या पहिल्या ओळीत मी माइकचा प्रकार लिहिते.

स्पीकर तुमच्या पुढे असावेत, तुमच्या मागे नकोत. एक छोटा स्पीकर तुमच्याकडे तोंड करून असावा, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि ताणावा लागत नाही. सकाळच्या हेडफोनचंच हे दुसरं रूप समजा, हाही हलका ठेवा.

प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण बंद करू देऊ नका. गाण्याच्या कार्यक्रमाला काळोख शोभतो, हसणाऱ्या माणसाला शेजारचा हसताना दिसावा लागतो. आणि पहिल्या रांगेतले पाहुण्यांचे सोफे. स्टेजपासून वीस फुटांवर चार सोफे, त्यात निम्मे रिकामे, मागे खुर्च्या. हसू त्या पोकळीत पडतं. खुर्च्या पुढे ओढायला सांगा, नाहीतर मुलांना पुढे सतरंजीवर बसवा. मी स्वतः खुर्च्या सरकवायला लागले की चार कार्यकर्ते धावत येतात.

आयोजकांशी दोन गोष्टी ठरवून घ्या. सत्कार आणि बक्षिसं तुमच्या आधी पूर्ण संपतील, मधे नाहीत. जेवणाचे स्टॉल तुमच्यानंतर उघडतील. उघड्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, काही सणांचे ठरावीक दिवस सोडले तर. म्हणून सत्कार लांबले तर तुमचा तास कापला जाणार, हे त्यांना फोनवरच सांगा. दहाला पाच कमी असताना शेवटचा तुकडा घाईत उरकण्यापेक्षा मधला एखादा तुकडा वगळा.

१०. स्टेजवर रेडिओचा आवाज नेऊ नका

रेडिओवरून ओळखणारे लोक समोर असले की निवेदक तुमच्या सकाळच्या हाळीनंच तुम्हाला बोलावतो आणि तुम्ही त्याच सुरात सुरू करता. पहिलं वाक्य चालतं, मग अडखळायला होतं. रेडिओवर आपण एकाशी बोलतो, इथे तीनशे जण एकमेकांकडे बघून हसतात. वेग कमी करा. हसू पूर्ण उतरण्याआधी, उतरायला लागल्यावर, पुढचं वाक्य घ्या. पहिली पाच मिनिटं नेहमीचीच, पाठ असलेली ठेवा. नवा तुकडा मधे घाला, शेवटी कधीच नको.

लोक रेडिओवरचं पात्र मागतील. एक-दोन मिनिटं करा आणि आपल्या कार्यक्रमाकडे या.

११. पैशाचं काम त्याच रात्री संपवा

निम्मं मानधन तारीख पक्की करताना, निम्मं स्टेजवर चढण्याआधी. कंपनीचा कार्यक्रम असेल तर पैसे नंतर बँकेतच येतात, तिथे लेखी कामाचा आदेश घ्या. व्यावसायिक मानधनावर साधारण १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापतात, पॅन दिला नाही तर २० टक्के. कापलेली रक्कम आयकर खात्याच्या वेबसाइटवरच्या कर-नोंदीत (२६एएस) तुमच्या नावावर दिसते का ते दर तिमाहीला बघा. माझी एका वर्षाची कापलेली रक्कम एका आयोजकानं भरलीच नव्हती आणि विवरणपत्र भरायच्या वेळी ते लक्षात आलं. रेडिओचं मानधन (पगार नव्हे) आणि कार्यक्रम मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. दोन्हीकडची बेरीज धरायची असते, हे बरेच जण विसरतात.

१२. रात्री

परतताना गाडीत निळ्या वहीत तीन ओळी: कुठे हसले, कुठे नाही, कोणता शब्द चुकला. सकाळपर्यंत हे आठवत नाही. घरी आल्यावर कोमट पाणी, पाच मिनिटं वाफ, आणि सकाळी केलेलं तेच हलकं गुणगुणणं, आता वरून खाली उतरत. दमलेल्या गळ्याला याचा फार आधार वाटतो.

त्यानंतर मी बोलत नाही. आयोजकांचे कौतुकाचे फोन येतात, ते दुसऱ्या दिवशी अकरानंतर मीच उलट करते. उद्याच्या पहिल्या लिंकची पहिली ओळ लाल वहीत लिहून ठेवते आणि साडेचारचे दोन गजर लावते, त्यातला एक दुसऱ्या खोलीत.